डबकं ओलांडल्यावरचा फोन

डबकं ओलांडल्यावर माणूस हसतो. दोन्ही बाजूंनी पाणी उडालेलं असतं, मागच्या सीटवरची पोरं ओरडलेली असतात, आणि चालवणाऱ्याला वाटतं आपण वैनगंगाच तरून आलो. तो हसत असतो तेव्हा खाली पाणी आपलं काम करत असतं. माझा फोन त्यानंतर वाजतो. कधी पुढच्याच वळणावर, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी.

"मधुभाऊ, स्टेअरिंग जड होऊन राह्यलं."

"पाण्यात घातली होती का?"

"नाई जी. थोडंसंच होतं."

हे 'थोडंसंच' मी जन्मभर ऐकत आलो. गुडघाभर पाणीही थोडंसंच असतं आणि बोनेटवरून गेलेलंही थोडंसंच असतं. डॉक्टरसमोर दारूबद्दल आणि माझ्यासमोर पाण्याबद्दल आमच्याकडे कोणी खरं बोलत नाही.

मी ब्रह्मपुरीचा ऑटो इलेक्ट्रिशियन. लोक वायरिंगवाले भाऊ म्हणतात. शटर आता बहुतेक वेळ पुतण्याच उघडतो, पण पावसाळ्यात मला घरी बसवत नाही. आमचा मुलूख धानाचा. धान म्हणजे पाणी अडवून धरणं. धानाच्या बांधीत पाणी, बोडीत म्हणजे छोट्या तळ्यात पाणी, तलावात पाणी, आणि जे कुठेच मावलं नाही ते रस्त्यावर. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस आले की शेतकरी खूश, बेडूक खूश आणि मी खूश. घरची मंडळी म्हणतात, लोकांच्या गाड्या बुडाल्या की या माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं. आता खरं आहे तर नाही कशाला म्हणू?

या धंद्यातली गंमत बाहेरच्याला सांगायची तर एवढंच सांगतो. वीज पाण्याला भीत नाही. उलट पाणी मिळालं की तिला नवी वाट सापडते. जिथून जायचं ती तार सोडून ती शेजारच्या तारेत शिरते. मग वायपर लावला की हॉर्न वाजतो, ब्रेक दाबला की आतला दिवा लागतो. एका गुरुजींची गाडी अशीच झाली होती. उजवीकडचा इंडिकेटर दिला की मागचा वायपर नाचायचा. गुरुजींनी गाडीला लिंबू-मिरची बांधली, दर शनिवारी नारळ फोडला, आणि नारळाचं पाणीही श्रद्धेने बोनेटवरच ओतलं. म्हणजे आधी डबक्याचं गेलं होतं, त्यात हे गेलं. मी पायाखालची चटई उचलली तर खाली तळं. तिथेच तारांचे जोड बसलेले. ते उघडले, वाळवले, हिरवट गंज खरवडला, आणि भूत उतरलं. गुरुजी अजूनही म्हणतात की गुण नारळाचाच होता. म्हणोत बापडे.

गडचांदूरकडून एक गाडी आली होती, ती मी विसरत नाही. तिकडे सिमेंटची धूळ. बोनेटखाली फ्यूजच्या डब्यात, तारांच्या जोडांत, जिथे फट मिळेल तिथे ती पीठ होऊन बसलेली. त्यात गाडी डबक्यात गेली आणि नंतर उन्हात उभी राहिली. पुढे काय झालं ते घर बांधलेल्या कोणालाही सांगायला नको. मी फ्यूज ओढतो तर निघेना. बारीक छिन्नी घेऊन मी गाडीचं वायरिंग फोडायला बसलो होतो. येणारे-जाणारे विचारत होते, "भाऊ, गाडी बनवून राह्यले का मूर्ती?"

स्टेअरिंगचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. नव्या गाड्यांत चाक वळवायला विजेची मोटर मदत करते. तिच्या जोडात पाणी गेलं की मोटर हात आखडता घेते आणि चाक दगडासारखं होतं. जुन्या गाड्यांत हेच काम तेलाचा पंप करतो आणि पंपाला फिरवतो इंजिनावरचा रबरी पट्टा. पट्टा गेला की पंप गेला. दोन्हीकडे चाक फिरतं, अडकत नाही, पण अंगातली सगळी ताकद मागतं. घाबरून सोडून देऊ नका, एवढंच माझं सांगणं. आणि दुसरं सांगणं, पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत चावी मारू नका. पाणी इंजिनाच्या पोटात गेलेलं असलं तर त्या एका चावीने पोट फुटतं. गाडी ढकला, माणसं बोलवा, देवाचं नाव घ्या, पण चावीला हात लावू नका. हे मी हजारदा सांगितलं असेल. ऐकत कोणी नाही.

आता आमच्याकडची एक रीत. रस्त्यावर पाणी दिसलं की आमचे ड्रायव्हर खाली उतरतात आणि खताची रिकामी चुंगडी काढतात. चुंगडी म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांनी विणलेलं पोतं. रोवणीच्या दिवसांत ती प्रत्येक गाडीत असतेच. बाया ती डोक्यावरून खोळ करून घेतात, गडी तिच्यावर बसतात, आणि ड्रायव्हर ती गाडीच्या तोंडाला, पुढच्या जाळीवर सुतळीने बांधतात. पाणी थेट इंजिनावर येत नाही. अक्कल चांगली आहे, मीही तिला नावं ठेवत नाही. फक्त पाण्याबाहेर आलं की चुंगडी सोडायची असते. आणि पाण्याबाहेर आलं की माणूस हसत असतो, हे मी आधीच सांगितलं.

देवाजीचा फोन आला तो अशाच एका दुपारी. देवाजीची जुनी डिझेल गाडी, मागे लाकडी बाकं, कधी सवारी, कधी धानाची पोती. माणूस लाख मोलाचा, पण बोलायला लागला की थांबत नाही. त्या दिवशी तो थोडंच बोलला, आणि तेवढ्यानेच मी समजलो.

"भाऊ, स्टेअरिंग गेलं, लाल दिवे लागले, इंजिनातून वाफ निघून राह्यली. हॉर्न वाजतच होता, मी त्याची तार तोडून टाकली. मांग मासोळ्याचं बी हाये जी. तुमी या."

मासोळ्यांचं बी म्हणजे माशांची पिल्लं. बोटाच्या पेरापेक्षाही लहान. मोठ्या जाड पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, थोडं पाणी, त्यात पिल्लं, वर ऑक्सिजन भरून तोंड रबराने घट्ट बांधलेलं. पन्न्या वेळेत तलावात पोचल्या तर ती जगतात. हवा संपली तर त्याच पन्नीत मरतात.

मी मोटरसायकलला किक मारली. अवजारांची पिशवी पुढे टांगली, पट्ट्यांचा जुडगा खांद्यावर. रस्त्यातला नाला लागला तेव्हा पाणी सायलेन्सरच्या खाली होतं. मी पाय वर धरून काढली. होय, मीही पलीकडे जाऊन थोडा हसलो.

गाडी मोहाच्या झाडाखाली उभी होती. देवाजी बोनेट उघडून आत पाहत होता, जसं विहिरीत काही पडल्यावर पाहतात तसं. मागे बाकावर एक बाई बसल्या होत्या, नऊवारीचा काचा मारलेला, दोन्ही हात पन्न्यांवर. सगुणाबाई त्यांचं नाव. त्यांच्या गावच्या ढिवर, म्हणजे मासे धरणाऱ्या, बायांनी मिळून तलाव ठेक्याने घेतला होता आणि त्या या बायांच्या पुढारी. पुढारी म्हणजे भाषण करणाऱ्या नव्हेत. जाळं त्या ओढत, बी आणायला त्या जात, नवऱ्यांची कटकट त्या ऐकत.

"भाऊ, किती वेळ लागन?" त्यांनी विचारलं.

"पाहू तर द्या."

"पाहा. पन लवकर पाहा. मांगच्या वर्षी बी सोडलं आन् तलाव फुगून सारं सांडव्यावरून वाहून गेलं. वरीसभर आमी तलावात नुसतं पानी पाह्यलं. यंदा सरकारी बी-केंद्रावरचं हे शेवटचं बी होतं. हे मेलं तं बाया तलाव सोडून देतीन. मंग पुन्हा ठेकेदार यीन आन् आमी त्याच्याच जाळ्यावर मजुरीनं जाऊ."

आवाज चढला नव्हता. मला मात्र घाम फुटला.

मी गाडीखाली सरकलो. बघतो तर चुंगडी! पाण्याच्या जोराने खालची सुतळी सुटली होती, चुंगडी बंपरखालून आत शिरली होती, आणि इंजिनाच्या सगळ्यात खालच्या पुलीने तिला पकडून स्वतःभोवती गुंडाळून घेतलं होतं. प्लास्टिकचे धागे गरम होऊन वितळले आणि पुलीवर घट्ट बसले. दोन्ही पट्टे त्यात चिरडले. एक स्टेअरिंगच्या पंपाचा. दुसरा त्याहून महत्त्वाचा, तो पंखा फिरवतो, इंजिनातलं पाणी खेळवतो आणि बॅटरी भरतो.

"देवाजी, चुंगडी काऊन नाही सोडली बे?"

"पुढं अजून पानी होतं जी. मनलं एकदमच सोडू."

"आणि लाल दिवा लागला तेव्हा?"

"दिवा तं कवाही लागते."

मी तापट माणूस आहे, हे ब्रह्मपुरीत सगळ्यांना ठाऊक. पान्हा आपटायला हात वर गेलाही होता. पण सगुणाबाई पाहत होत्या, आणि पान्हा आपटून पन्नीतलं एकही पिल्लू जास्त जगणार नव्हतं. मी करवतीचं पातं घेतलं आणि धागे कापायला लागलो.

पुली मोकळी झाली. खांद्यावरचे पट्टे एकेक करून लावून पाहिले. एक आखूड, एक लांब, एक रुंद. या मापाचा दुकानात होता आणि दुकान नाल्याच्या पलीकडे. देवाजी मोटरसायकल घेऊन नाल्यापर्यंत गेला आणि तसाच परत आला. नाला आता रस्त्यावरून धावत होता. तिकडून कोणी येणार नव्हतं, इकडून कोणी जाणार नव्हतं. तलाव पुढे पाच-सहा किलोमीटर.

"मोटरसायकलवर दोन-दोन पन्न्या नेऊ," मी म्हटलं.

"हा रस्ता पाह्यला का? घसरले तं फुटतीन. आन् इतक्या खेपा होईपर्यंत मांगच्या वाचतीन का?"

तेही खरं. मग आम्ही तिघं बोनेटभोवती उभे राहिलो. वाफ कमी झाली होती. पावसाची भुरभुर सुरू होती. मला सारखं वाटत होतं की मी काहीतरी केलं पाहिजे आणि हातात काही नाही. मेकॅनिकला याहून वाईट वेळ नसते. बिघाड सापडलेला असतो, इलाज माहीत असतो, आणि वस्तू नसते.

बाकाखाली नायलॉनचा दोर होता, नवा, जाळ्यासाठी घेतलेला. मी तो ओढला आणि पुलीवरून टाकून मापून पाहिला. जाडी जवळपास जमत होती. पण गाठ? गाठ पुलीवर आली की उडी मारते, आणि दोर निघून जातो. हे मी तरुणपणी करून पाहिलं आहे, गाठ कितीही लहान बांधा, टिकत नाही.

"गाठ कायले पायजे?" सगुणाबाई म्हणाल्या.

"दोराचं कडं करायचं आहे, बाई. बिनागाठीचं कसं होईल?"

"आमच्या ओढजाळ्याले कड्या राह्यते ना. गाठ असली तं जाळं अटकते."

त्या खाली उतरल्या. दोर तीन पदरी होता. त्यांनी त्यातला एकच पदर उलगडून काढला. मी तुटलेला पट्टा दिला, त्याच्या मापाचा त्यांनी त्या पदराचा गोल केला, आणि मग तोच पदर त्याच्याच खाचेतून पुन्हा फिरवत नेला. एक फेरी, दुसरी फेरी. टोकं आत दाबून दडवली. हातात दोराचं कडं आलं, सगळीकडे सारखंच जाड, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते मला सापडेना. मी ते डोळ्यांजवळ नेऊन फिरवून पाहिलं. इतकी वर्षं गाड्यांखाली काढली, पट्ट्यांवाचून अडलेले किती लोक पाहिले, आणि ही कारागिरी माझ्या दुकानापासून एवढ्या जवळ होती. मला इतका आनंद झाला की मी देवाजीच्या पाठीत थाप मारली. त्याला ती रागाची वाटली.

पहिलं कडं बसलं, पण ताणलं की ढिलं पडलं. सगुणाबाईंनी दुसरं केलं, थोडं लहान आणि जास्त पिळाचं. ते चढवताना माझी बोटं सोलली. बॅटरी भरणारा जनरेटर मागे रेटून दोर ताणला, बोल्ट आवळला, रेडिएटर निवला होता, तो हळूहळू भरला. "मार चावी," मी म्हटलं. इंजिन लागलं. दोर फिरला. पंखा फिरला. तिघांच्या डोळ्यांसमोर जाळ्याचा दोर डिझेलची गाडी चालवत होता, आणि मी मोठ्याने हसलो.

"स्टेअरिंग जडच हाये जी," देवाजी म्हणाला.

"जडच राहणार. त्याचा पट्टा नाही. दोर फार जोर घेणार नाही. चाक तू ओढ, मी ढकलतो."

मोटरसायकल मोहाखाली सोडली आणि आम्ही निघालो. बैलगाडीच्या चालीने, दुसऱ्या गियरमध्ये. देवाजी उजवीकडे, मी त्याच्या शेजारी, एकाच चाकाला दोघांचे चार हात. डावं वळण आलं की मी माझ्या बाजूने ओढायचो आणि तो ढकलायचा, उजवं आलं की उलट. देवाजीला सवयीप्रमाणे प्रत्येक वळणावर बोलायचं होतं. मी सांगितलं, बोलण्याचा जोर दंडात घाल. त्याची अन् माझी डोकी दोनदा आपटली. खड्डा आला की चाक हिसडा मारायचं. माझं लक्ष काट्यावर, इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या. काटा वर चढत होता, पण थांबत थांबत.

अर्ध्या वाटेवर जळका वास आला. थांबलो, बोनेट उघडलं. दोर सैल पडून घासत होता. जनरेटर आणखी मागे रेटला, बोल्ट आवळला. तेवढ्यात मागून सगुणाबाईंची हाक आली.

"भाऊ, पन्न्या ढिल्या होऊन राह्यल्या."

मी मागे गेलो. मघाशी फुग्यासारख्या ताठ असलेल्या पन्न्या आता बोटाने दबत होत्या. आणि आतली सगळी पिल्लं वर आली होती. पाण्याच्या अगदी काठाशी, इवलीशी तोंडं उघडून. आवाज नव्हता. आवाज असता तर बरं वाटलं असतं, असं तेव्हा मनात आलं. गाडीतला बिघाड मला काहीतरी सांगतो, खडखडतो, वास सोडतो. ही पिल्लं नुसती तोंड उघडत होती.

"त्याइले हवा पायजे," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला.

हवा! मी मागे पाहिलं तर दाराला स्टेपनी लटकलेली. चांगली ठणठणीत भरलेली.

माझ्या पिशवीत एक नळी कायम असते, एका चाकातली हवा दुसऱ्यात घालायची. दोन्ही टोकांना चिमटे. एका टोकाचा चिमटा मी कापून टाकला, दुसरा स्टेपनीच्या व्हॉल्व्हला लावला. नळीतून फसफस सुरू झाली. सगुणाबाईंनी पहिल्या पन्नीचं रबर सोडलं, नळी पाण्यात बुडवली. बुडबुडे निघाले. नळी मी बोटाने दाबून धरली होती, कारण जोर जास्त झाला तर पिल्लं आपटली असती. एक पन्नी फुगली की त्या बांधायच्या, दुसरी सोडायच्या. देवाजी पन्न्या पुढे सरकवत होता आणि त्याचं तोंड एकदाचं बंद होतं. पाऊस वाढला. स्टेपनी मऊ होत गेली. शेवटच्या काही पन्न्यांच्या वेळी देवाजी तिच्यावर चढून बसला, हवा पिळून काढायला.

"हवेत रबराचा वास हाये जी," तो म्हणाला. "मासोळ्याइले चालन का?"

"तुझ्या गाडीत माणसं बसतात, त्यांना चालतं ना?" मी म्हटलं. सगुणाबाई हसल्या. त्या दिवशीचं त्यांचं तेवढंच एक हसू.

सगळ्यात अवघड होती तलावाची पाळ. एका बाजूला तलाव भरलेला, दुसऱ्या बाजूला खाली धानाच्या बांध्या, आणि मधे गाडीपुरती वाट. तिच्यावर चढताना उजवीकडे काटकोनात वळायचं. साध्या दिवशी देवाजी एका हाताने वळवतो. आता गाडी चालती ठेवायची, कारण उभ्या गाडीचं चाक तर अजिबात हलत नाही, आणि वळणाला वेग नको. मी सीटवरून उठलो, गुडघा डॅशबोर्डला टेकवला आणि चाकाला भिडलो. देवाजीच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. पुढचं डावं चाक पाळीच्या कडेवर गेलं, ओली माती सुटून खाली गेली. मागे सगुणाबाई पन्न्यांवर आडव्या झाल्या, दोन्ही हात पसरून. "ढकला जी," देवाजी दातांतून म्हणाला. मी ढकललं. खांद्यात काहीतरी तटकन वाजलं, ते अजून थंडीत दुखतं. चाक वळलं. गाडी पाळीवर आली.

काठावर बाया उभ्याच होत्या, पदर खोचून. पन्न्या हातोहात खाली गेल्या. मीही चपला काढून पाण्यात उतरलो आणि पहिल्याच पन्नीचं रबर सोडायला गेलो. सगुणाबाईंनी माझा हात धरला.

"थांबा भाऊ. पन्नी तशीच पान्यावर तरंगू द्या. आतलं पानी आन् तलावाचं पानी एकसारखं होऊ द्या."

"अहो, पण मरून जातील."

"तापलेल्या इंजिनात तुमी एकदम थंड पानी वतता का?"

मी हात काढून घेतला. पन्न्या तरंगत होत्या आणि आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे. मला एका जागी उभं राहता येत नाही, मी सारखा एकेका पन्नीत डोकावत होतो. काहींत हालचाल होती. काहींत पिल्लं तळाशी पडून होती.

मग त्यांनी पन्न्यांची तोंडं उघडली, ओंजळीने तलावाचं पाणी आत घातलं, हळूच, पुन्हा घातलं, आणि पन्नी आडवी केली. पिल्लं निघाली. एका क्षणी हाताशी होती, दुसऱ्या क्षणी दिसेनाशी. तळाशी पडलेल्यांना त्यांनी तळव्याने हलकेच पाणी दिलं. त्यातली कित्येक उलटी होती ती सुलटी झाली आणि गेली. सगळी नाही. काही पन्न्यांत पांढरी पोटं वर आली, ती बायांनी गुपचूप वेगळी काढली. नाला दुकानाच्या बाजूने नसता, माझ्याकडे तो एक पट्टा असता, तर तीही जगली असती, असं मी अजून धरून बसतो.

सगळ्या पन्न्या रिकाम्या झाल्या आणि तलाव होता तसाच दिसायला लागला. पाऊस पडत होता, त्याचे थेंब उठत होते, बाकी काही नाही. मला ते सहन होईना. आमच्या कामात चावी फिरवली की उत्तर मिळतं. गाडी लागते किंवा लागत नाही.

"जगली हे कसं कळेल, बाई?"

"जाळं टाकू तवा."

"कधी?"

"उन्हाळ्यात. पानी उतरलं की."

म्हणजे अख्खा हिवाळा मधे. मी देवाजीच्या गाडीला नवे पट्टे घातले, त्याच्या हॉर्नची तार जोडली, त्याला चुंगडीवरून पोटभर बोललो. धान कापून झालं. रस्ते वाळले. डबकी गेली आणि माझा फोन शांत झाला. तलावाकडे जायला मला शंभर कारणं सुचत होती, आणि एकदाही गेलो नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, वेळ नाही. खरं म्हणजे जाळं रिकामं निघालं तर ते मला पाहायचं नव्हतं.

मग मोहाची फुलं वेचून झाल्यावर, कडक उन्हात, दुपारी देवाजीचा फोन आला.

"भाऊ, स्टेअरिंगमधे काईतरी झालं."

माझं डोकं फिरलं. "एवढ्या उन्हात पाणी कुठं सापडलं बे तुला? आता कुठल्या डबक्यात घातली?"

"पान्यात नाई घातली जी. आन् जडबी नाई. हलकं होऊन राह्यलं. समोरची चाकं जमिनीले टेकल्यासारखीच वाटत नाई."

पुढची चाकं हलकी होतात ती मागे वजन फार झालं की. मी विचारलं, "मागे काय भरलं आहे?"

"मासोळ्या," देवाजी म्हणाला.

मी खुर्चीवर बसलो. पुतण्या विचारत होता काय झालं, मी त्याला हातानेच थांब म्हटलं. मग देवाजीला सांगितलं की हळू चालव, गाडीत काही बिघाड नाही.